पुढचा महापूर गृहीत धरून: तुमच्या घराचा आकडा किती? (कृष्णा-पंचगंगा खोरं)

हरिपूरकर (धागाकर्ता)

जुलै उजाडला की इथे आलमट्टीवर (कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, आपल्या पुराचं खापर ज्याच्यावर फुटतं ते) एक धागा निघतो, शंभरेक प्रतिसाद पडतात आणि गणपती बसले की तो तळाला जातो. हा धागा आलमट्टीवर नाही. माहीत आहे, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात विषय तिकडे जाणारच, पण तोवर जरा वेगळं बोलू.

निमित्त घरचंच आहे. मावसभाऊ सांगलीत जागा बघतोय. विश्रामबागेतले भाव झेपत नाहीत, म्हणून नदीच्या बाजूला एक प्लॉट बघितलाय. एजंट छातीठोकपणे सांगतो, "साहेब, दोन हजार पाचला इथं पाणी आलं नव्हतं." खरंही असेल. पण २००५ ला आयर्विन पुलाजवळ (सांगलीत कृष्णेची पातळी मोजतात तिथे) पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं आणि २०१९ ला साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. मधल्या साडेतीन-चार फुटांत सांगलीच्या किती गल्ल्या बसतात ते ज्याचं दुकान गणपती पेठेत आहे त्याला विचारा. २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास. म्हणजे २००५ ला कोरडी राहिलेली जागा त्यानंतर दोनदा भिजलेली असू शकते, आणि तरीही एजंट खोटं बोलत नसतो!

आता नकाशाकडे येऊ. आपल्याकडे पूररेषा दोन. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर (किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातलं जे जास्त असेल ते). लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. कोल्हापुरात याला सरसकट 'रेडझोन' म्हणतात.

"शंभर वर्षांतून एकदा" ऐकलं की माणूस म्हणतो, २०२१ ला येऊन गेला, आता २१२१ ला बघू. हिशेब तसा नसतो. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, यंदा पूर येऊन गेला असला तरी पुढच्या वर्षी पुन्हा एक टक्का. आता २० वर्षांचं गृहकर्ज धरा. लाल रेषेवरच्या घरात तेवढ्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवरच्या घरात तीच ५६ टक्के. हप्ते फिटायच्या आत पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त! आणि घर आपण वीस वर्षांसाठी नाही, दोन पिढ्यांसाठी बांधतो.

त्यात हे आकडे मागच्या नोंदींवरून काढलेले असतात. नोंदी थोड्या, आणि त्या ज्या नदीच्या आहेत ती नदी आता तशी राहिलेली नाही. भराव, पूल, पात्राला चिकटलेली बांधकामं, वर पावसाचं बदललेलं गणित. २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा धरून शंभर वर्षांचा पूर पुन्हा मोजला तर लाल रेषा सरकणार, आणि ती आपल्याच दिशेने सरकणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: रेषेच्या आत की बाहेर, याच्या पुढे जाऊन प्रत्येक घराचा, गल्लीचा, गावाचा एक आकडा असला पाहिजे. आयर्विनला (कोल्हापूरकरांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला) किती फूट झालं की माझ्या पहिल्या पायरीला पाणी लागतं? किती फुटांना गल्लीचा रस्ता बंद होतो? हे दोन आकडे वेगळे असतात आणि बऱ्याचदा रस्त्याचा आकडा लहान असतो. घर कोरडं, पण बाहेर पडता येत नाही, असं २०१९ ला कितीतरी जणांचं झालं.

आपापले आकडे इथे टाका. जागा नेमकी सांगू नका, भाग सांगितला तरी चालेल.

घाटावरचा_गण्या

भारी विषय. कोल्हापूरकडनं सुरुवात करतो. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. आमच्याकडं सगळ्यात आधी सुतारवाडा. तिथल्या लोकांना आकडा विचारायची गरजच नाही, ते पावसाच्या आवाजावरून बोजा बांधतात. मग जयंती नाल्याच्या तोंडानं पाणी मागं शिरतं आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरकडं सरकतं. लोकांना वाटतं नदी लांब आहे. नदी लांबच असते राव, नाला घरामागं असतो.

२०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. आमच्या घराचा आकडा ५१. रस्त्याचा ४७.

मळीवाला_शिरोळ

धागाकर्त्यानं आधीच हात वर केलेत, तरी बोलतोच. शिरोळ तालुक्यात बसून आलमट्टीवर बोलायचं नाही म्हणजे काय? आमच्याकडं पाणी चढतं त्याचा त्रास नाही, ते चढणारच, नदीकाठ आहे. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पादुकांना पाणी लागलं की दक्षिणद्वार सोहळा म्हणून आम्ही आंघोळीला जातो. त्रास आहे तो पाणी उतरत नाही याचा. पूर्वी तीन दिवसांत उतरायचं, आता आठ-दहा दिवस हलत नाही. कर्नाटक आता आलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरवर नेणार. मग?

हरिपूरकर

@मळीवाला, दादा, तिसऱ्या नाही, दुसऱ्याच प्रतिसादात आलात :)

उंची वाढवण्याला विरोध असावाच, त्याबद्दल दुमत नाही. कृष्णा लवादाने २०१० ला ५२४.२५६ ला मान्यता दिली असली तरी वरच्या भागातल्या परिणामाचा दोन्ही राज्यांनी मान्य केलेला अभ्यास समोर आल्याशिवाय ते होऊ नये, हे माझंही मत.

पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टी आणि हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्याला (मागे तुंबणाऱ्या पाण्याला) सांगली-कोल्हापूरच्या पुराचं मुख्य कारण मानलं नाही. तो निष्कर्ष सगळ्यांना पटलेला नाही, तुम्हालाही पटणार नाही. ठीक. समजा, तुमचंच बरोबर. तरी कोल्हापूर शहराचं काय? पंचगंगेला सव्वाछप्पन फूट पाणी आलं ते भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीच्या पाण्याने. खाली कृष्णा फुगलेली असली की वाडीच्या संगमाला पंचगंगा तुंबते, हे खरं. पण वरून येणारं पाणी आपल्याच घाटमाथ्याचं. उद्या आलमट्टी रिकामं ठेवलं तरी सुतारवाड्यात पाणी येणार.

माझा राग आलमट्टीवर नाही, आलमट्टीच्या आडून आपण जे करत नाही त्यावर आहे. निळ्या रेषेतला भराव कर्नाटकाने टाकला का? सांगलीत नदीकाठचे प्लॉट पाडले, विकले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याचा आधार घेऊन नियमित केले ते कुणी?

मळीवाला_शिरोळ

गुंठेवारीवर गप्प. एवढं मान्य.

जुना_शाखा_अभियंता

पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं, निवृत्त आहे. दोन गोष्टी लिहितो, कारण दरवेळी "धरणं आधीच रिकामी का ठेवली नाहीत" हा प्रश्न येतो.

१ लाख क्युसेकने (सेकंदाला लाख घनफूट) २४ तास पाणी वाहिलं की ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) होतं. हा गुणाकार पाठ करून ठेवा, निम्मे वाद मिटतील. कोयना १०५.२५ टीएमसीची. समजा, पुराआधी आपण त्यात १० टीएमसी जागा करून ठेवली. घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस होऊन लाखभर क्युसेक आवक सुरू झाली तर ती जागा सव्वा दिवसात भरते. म्हणजे उपयोग नाही का? आहे, खूप आहे. तो सव्वा दिवस म्हणजे सांगलीत माणसं आणि जनावरं हलवायला मिळालेला वेळ. शिवाय कोयनेचा लोंढा आणि वारणेचा लोंढा एकाच वेळी हरिपूरच्या संगमाला पोचू द्यायचा नाही, हे खरं कौशल्य. वारणेवरचं चांदोली धरण ३४.४० टीएमसी. दोन्हींचे दरवाजे कधी, किती उचलायचे हा वेळेचा खेळ आहे.

आता दुसरी बाजू. २०२३ ला कोयना पूर्ण भरलीच नाही. त्याच हिवाळ्यात सांगलीला कृष्णेचं पात्र कोरडं पडलं आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून भांडणं झाली. जो अधिकारी जुलैत धरण रिकामं ठेवेल त्याला पुढच्या मार्चमध्ये कुणी शाबासकी देत नाही. म्हणून पाणीसाठ्याचं वेळापत्रक ठरलेलं हवं, लेखी हवं आणि लोकांना माहीत हवं. हवामानाचा अंदाज बघून ते दर काही दिवसांनी बदलायची मुभाही हवी. म्हणजे वाईट झालं तर दोष एका माणसाच्या गळ्यात पडणार नाही, आणि तो घाबरून दरवाजे धरून बसणार नाही.

कोल्हापूरकरांसाठी: राधानगरी ८.३६ टीएमसीचं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. सातही उघडले तरी दहा हजारांच्या आत. "राधानगरीचे सात दरवाजे उघडले" असा मेसेज फिरला की गावात पळापळ होते, पण महापूर त्या सात दरवाजांतून येत नाही. तो येतो धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून, जिथे पाणी अडवायला काहीच नाही.

परशुरामाच्या_पायथ्याशी

मी चिपळूणची. तुमच्या धाग्यात घुसते कारण कोणीतरी लिहिणारच, "कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळीच्या वीजघराकडे सोडा, प्रश्न मिटला." वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी आमच्याकडे येतंच. पण २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत काय झालं ते आठवा. घाटाच्या त्या बाजूला पाऊस असतो तेव्हा या बाजूलाही असतो. वाशिष्ठी आधीच फुगलेली, वर भरती. तुमचा पूर आमच्या दारात ढकलण्याची योजना असेल तर मी वाचतेय.

जुना_शाखा_अभियंता

ताई, बरोबर. शिवाय बोगद्यातून टर्बाइनला जेवढं पाणी जातं तेवढंच जातं, ती पूर वाहून न्यायची सोय नव्हे.

दुष्काळी_जत

आणि आमच्याकडं वळवायचं काय झालं? पुराचं पाणी दुष्काळी भागाला, हे भाषण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो.

जुना_शाखा_अभियंता

वळवावं, जरूर वळवावं. म्हैसाळ उपसा योजनेचे पंप पावसाळ्यात चालवून तुमचे तलाव भरले तर शेतकऱ्याचं कल्याणच आहे. पण सांगलीचा पूर त्याने कमी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१९ ला आलमट्टीतून विसर्ग ५ लाख क्युसेकच्या वर नेला होता. वर दिलेल्या गुणाकाराने बघा, दिवसाला ४३ टीएमसी. उपसा योजना हजारांत मोजायची, महापूर लाखांत. दुष्काळासाठीची योजना पुराच्या नावाने विकली की दोन्हींकडे फसगत होते.

सोनतळीचा_भाऊ

प्रयाग चिखलीचा आहे. चिखली-आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. तेव्हापासून गावाचे दोन पाय दोन ठिकाणी आहेत. बाहेरचे लोक म्हणतात, जागा दिली तर जात का नाहीत? अहो, म्हशी कुठं बांधायच्या? गावात गोठा, उकिरडा, वैरणीची जागा, मागं मळीची जमीन. वर मिळाला प्लॉट. घर मावतं, गोठा मावत नाही. कागदपत्रांचे घोळ वेगळेच. आणि पुनर्वसनाच्या जागेला जायचा रस्ताच पुरात बंद होत असेल तर ती जागा उंचावर असून उपयोग काय?

२०१९ ला आमच्या शेजारच्या आजी म्हशीची दावण सोडेनात. "हिला सोडून आले तर रोज सकाळी धार कुणाची काढू?" बोटीवरच्या जवानांना कळेना काय बोलायचं. शेवटी म्हशी मोकळ्या सोडल्या, दोन पोहत वर आल्या, एक गेली. माणूस हलवायचं नियोजन सगळेच करतात, जनावराचं कुणी करत नाही. आणि जनावर हलल्याशिवाय आमच्याकडं माणूस हलत नाही.

हरिपूरकर

हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. म्हणजे गावासाठी तिसरा आकडा: जनावरं किती फुटांना हलवायची. तो रस्त्याच्या आकड्याच्याही बराच खाली असणार, कारण जनावर बोटीतून जात नाही, रस्त्यानेच जातं.

भाते_पाटलीण

नेदरलँड्समध्ये राहते. इथे १९९५ ला नद्यांच्या पुराच्या भीतीने सुमारे अडीच लाख लोक हलवले होते. त्यानंतर बांध अजून उंच करण्याऐवजी यांनी बऱ्याच ठिकाणी बांध मागे सरकवले, नदीला जागा करून दिली. नायमेखनजवळ तर जुना बांध साडेतीनशे मीटर आत नेला. एका पोल्डरमध्ये शेतकऱ्यांची घरं आणि गोठे मिळून उंचवट्यावर नेले. सोनतळीचं वाचून तेच आठवलं. फरक एवढाच की इथे गोठा आधी आखला.

घाटावरचा_गण्या

ताई, नदीला जागा द्यायची म्हणजे कुणाची तरी घ्यायची. इथं एक गुंठा सोडायला भाऊ भावाला कोर्टात खेचतो.

भाते_पाटलीण

इथेही पैसे मोजले, आणि भांडणं झालीच. पण निदान नवीन भराव टाकायचं तरी थांबवता येईल ना?

घाटावरचा_गण्या

ते मात्र लाखातलं बोललात. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा बंद पडला. भरावावरचा रस्ता पाण्यात बुडतो तो बुडतोच, वरच्या बाजूचं पाणीही अडवून धरतो. सगळे म्हणतात भराव काढा, खांबांवर पूल करा. तोवर रत्नागिरी-नागपूर रस्त्याच्या भरावाची तक्रार सुरू झालेली. एका खात्यानं पूररेषा आखायची आणि दुसऱ्यानं तिच्यातनं आडवी भिंत घालायची.

मळीवाला_शिरोळ

उसाचं कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. ऊस पाण्यात उभा राहतो काही दिवस, शेंडा वर असला तर. शेंडा बुडला आणि पोंग्यात गाळ बसला की संपला. वरनं हिरवा दिसतो, पण आतनं कुजतो, मग कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात. जुलैतली आडसाली लावण तर रोपटंच असतं, ती पहिल्या पुरात जाते. आमच्या भावकीनं आता ठरवलंय: खालच्या मळीत आडसाली नाही. खाली खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस), तेही तोड लवकर मिळणार असेल तर, आणि लावण वरच्या रानात. उत्पन्न थोडं कमी बसतं, पण दर दोन-तीन वर्षांनी पंचनाम्याच्या रांगेत उभं राहायचं वाचतं. कारखान्यांनी पूरपट्ट्यातल्या उसाला पहिली तोड दिली पाहिजे. पण तिथं मेव्हण्याचा ऊस आधी जातो, काय बोलायचं.

कुलकर्णी_काकू_मिरज

विम्याचं लिहिते, कारण आमच्या घरात यावरून रामायण झालंय. आमचं घर कोरडं राहिलं, पण धाकट्या दिरांचं दुकान बुडालं. दुकानाचा विमा होता, पॉलिसीत पूर समाविष्ट आहे का हे कुणी वाचलंच नव्हतं. नव्हता.

घराचं सोपं आहे. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. पूर त्यात येतो. इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. तरी पॉलिसी हातात आल्यावर वाचाच. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कपाटं उघडून. पंचनाम्याला आलेल्या माणसाला चिखलात फ्रिजची किंमत समजावून सांगणं फार अवघड असतं.

वाचनमात्र_होतो

पहिलाच प्रतिसाद. आकडा काढायचा कसा? आम्ही २०२२ ला राहायला आलो, पूर बघितलेलाच नाही. सांगलीवाडीच्या बाजूला.

हरिपूरकर

स्वागत. सगळ्यात सोपं म्हणजे शेजारी जुनं घर शोधा. २०१९ ची खूण भिंतीवर, जिन्यात, देवळाच्या खांबावर कुठेतरी असतेच. बऱ्याच जणांनी रंगाने रेघ मारून तारीख घातलीय. मग पारदर्शक पाइपात पाणी भरून, गवंडी लेव्हल काढतात तसं, त्या खुणेपासून तुमच्या पायरीपर्यंत उंचीतला फरक मोजा. गल्लीतला कुठलाही गवंडी अर्ध्या तासात करून देईल. खूण साडेसत्तावन्न फुटांची आहे. समजा, तुमची पायरी तिच्यापेक्षा सहा फूट खाली निघाली, तर तुमचा आकडा साधारण साडेएक्कावन्न.

साधारण म्हणतोय कारण पाण्यालाही उतार असतो. पुलाच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला पातळी सारखी नसते, आणि प्रत्येक पुरात हा फरकही तसाच राहत नाही. म्हणून फूटभर सूट धरा आणि आकडा साडेपन्नास लिहा. पुढच्या वेळी पाणी चढायला लागलं की कुठल्या फुटाला कुठपर्यंत आलं, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. ती वही पुढच्या माणसाला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आयर्विनला इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. तुमचा आकडा साडेपन्नास असला तरी ४५ ला शांत बसू नका, तोवर कर्नाळ रोड आणि दत्तनगरची बाजू पाण्यात गेलेली असते.

जुना_शाखा_अभियंता

यात वेळ पण धरा. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला यायला आम्ही साधारण एक दिवसापेक्षा थोडं जास्त धरायचो. पात्र आधीच भरलेलं असेल तर हिशेब बदलतो. त्यामुळे फक्त आयर्विनचे फूट बघू नका, कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग रोज सकाळी बघा. फूट सांगतात पाणी आत्ता कुठे आहे, विसर्ग सांगतो उद्या कुठे असेल.

वाचनमात्र_होतो

धन्यवाद दोघांनाही. रविवारी गवंडी बोलावतो. मावसभावाच्या प्लॉटचं काय ठरलं?

हरिपूरकर

पाइप लावून बघितला. आकडा ५२ निघाला, समोरच्या रस्त्याचा ४८. एजंटला सांगितलं तर म्हणाला, "मग पार्किंग करा की खाली!" तसा तो सल्ला अगदीच वाईट नाही. खाली मोकळे खांब, वर घर, वीज मीटर आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीची मोटर उचलून ठेवता येईल अशी. पण त्यासाठी बांधकामाचा खर्च वाढतो आणि मग विश्रामबागेतला दोन बीएचके तेवढ्यातच येतो. भाऊ म्हणतो, रस्त्याचा ४८ बघता आई-बाबांना तिथे एकटं ठेवता येणार नाही. सध्या कुपवाडच्या बाजूला बघतोय. तिथला कुणी असेल तर नाल्याचं सांगा, नदीचं नको.